दुसरी वेलांटी

ज्या सकाळी हे घडलं, त्या सकाळी राजलक्ष्मी तळपदे एका प्रवासवर्णनाची प्रुफं तपासत बसली होती. गिरगावच्या फणसवाडीतल्या घरात खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर लाल पेन, एक जाडजूड शब्दकोश आणि बशीने झाकलेला चहा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हेच काम करत आली होती. गिरगावातले, दादरचे प्रकाशक तिच्याकडे पुस्तकं पाठवायचे, कारण तिच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही अशी तिची ख्याती होती.

चहाचा घोट घेऊन तिनं पुन्हा पानाकडे पाहिलं, तर पान गप्प झालेलं. ओळी दिसत होत्या. शिरोरेघा दिसत होत्या. त्यांच्याखाली जे काही लटकत होतं त्यातून अर्थ म्हणून निघत नव्हता. तिनं चष्मा पुसला, पुढचं पान घेतलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वरचा गणपती ओळखू आला. खालचा महिना नाही.

"अहो," तिनं हाक मारली, "जरा इकडे या. मला वाचता येत नाहीये."

कमलाकांतला आधी वाटलं, छपाईच खराब असेल. तो बंदरात इंजिनीअर होता, निवृत्त होऊन घरी बसलेला. बिघाड नेहमी बाहेर शोधायची त्याला सवय. पण बायकोचा चेहरा पाहून त्यानं वाद न घालता शर्ट चढवला आणि टॅक्सी बोलावली.

परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे, रक्ताची एक गुठळी अडकली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, सगळं समजत होतं. फक्त वाचणं गेलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांची उजवीकडची बाजू दिसेनाशी झाली होती. डॉक्टरांनी कागद-पेन दिलं तेव्हा तिनं नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मला घरी जायचं आहे.' लिहून झाल्यावर त्याच कागदाकडे ती बघत राहिली. आपण काय लिहिलं हे तिला आठवत होतं. कागदावरून मात्र ते सांगता येईना.

घरी आल्यावर सगळ्यांनी तिची फार काळजी घेतली. दादरला राहणारी मुलगी मधुरा आली आणि आईच्या फोनमध्ये तिनं एक सोय करून दिली. कुठल्याही कागदावर फोन धरायचा, तो मोठ्यानं वाचून दाखवतो.

"आता कशाला अडायचंय तुझं?" मधुरा म्हणाली. "प्रुफंसुद्धा ऐकून तपास."

"ऐकून?" राजलक्ष्मी म्हणाली. "अगं, ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतं का कधी? हा फोन चुकीचा शब्दही बरोबरच म्हणणार."

पेपर मात्र कमलाकांत वाचून दाखवायचा. रोज सकाळी, चहाबरोबर, पहिल्या पानापासून. त्याचा आवाज चांगला होता आणि तिला ते आवडायचंही. असे दोनेक महिने गेले. मग एका दुपारी ठाकूरद्वारहून तिच्या मैत्रिणीच्या बहिणीचा फोन आला.

"राजी, तू आली नाहीस गं? मालन गेली तेव्हा सगळे तुझीच वाट बघत होते. पेपरात दिलं होतं आम्ही."

मालन म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. राजलक्ष्मीनं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याला विचारायची गरजच पडली नाही.

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही नको," कमलाकांत खालच्या आवाजात म्हणाला. "तुझं बीपी खाली येत नव्हतं. मी ती ओळ सोडून पुढे गेलो. सांगणार होतो, राजी. खरंच सांगणार होतो."

ती रडली, बराच वेळ. तो जवळ बसून राहिला. मग तोंड धुऊन ती परत आली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण मला काय कळावं आणि काय कळू नये, हे यापुढे दुसऱ्या कुणी ठरवलेलं मला चालणार नाही. मी पुन्हा वाचायला शिकणार."

"शिकशील ना. हळूहळू."

"हळूहळू नाही. उद्यापासून."

परळच्या त्याच हॉस्पिटलात माया गमरे नावाची तरुण थेरपिस्ट होती. आजारानं ज्यांचं बोलणं-वाचणं गेलं त्यांना ती शिकवायची. लोअर परळच्या चाळीत वाढलेली, भरभर बोलणारी, आणि खोटा धीर न देणारी. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "काकू, पूर्वीसारखं एका नजरेत वाचता येईल की नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या हाताला अजून अक्षरं येतात. डोळे जे विसरलेत ते हाताला विचारायचं."

रीत साधी होती. अक्षर समोर धरायचं आणि बोटानं हवेत गिरवायचं. बोट वळलं की हाताला ओळख पटायची, हात सांगायचा तेव्हा तोंडातून 'म' निघायचा. पुस्तकातली अक्षरं फार बारीक आणि सगळी एकसारखी. म्हणून मायानं तिला रस्त्यावर जायला सांगितलं. दुकानांच्या पाट्या वाचायच्या. अक्षरं मोठी आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

राजलक्ष्मी रोज सकाळी निघू लागली. आयुष्यभर तिनं अक्षरांतल्या चुका पाहिल्या होत्या. अक्षरं पाहिली नव्हती, हे तिला आता कळत होतं. घड्याळजीच्या काचेवरची सोनेरी अक्षरं काळ्या कडेची होती. पिठाच्या गिरणीवर कुणा पेंटरनं लाल अक्षरांना निळी सावली दिली होती. एका जुन्या पाटीवरचा ख म्हणजे सरळ सरळ र आणि व शेजारी उभे केलेले. ल तर दोन प्रकारचा निघाला. जुन्या पाट्यांवर मराठी वळणाचा, मधे दांडा आणि दोन्हीकडे गोलाई. नव्या, कॉम्प्युटरवर केलेल्या पाट्यांवर हिंदी वळणाचा, दांडा उजवीकडे सरकलेला. तो दांडा तिला दिसायचाच नाही, मान वळवल्याशिवाय. ग आणि ण यांचे दांडेही सुटे. अक्षराची पुढची अर्धी खूण उजवीकडच्या धुक्यात जायची. काना जायचा. दुसरी वेलांटी जायची. म्हणून प्रत्येक अक्षराशी ती मान उजवीकडे वळवायला शिकली. येणारे-जाणारे बघायचे. साठीची बाई, नीट नेसलेली साडी, दुकानासमोर उभी राहून हवेत बोट फिरवतेय. तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

महिन्याभरात ती भराभर वाचू लागली. माया एका दुपारी मुद्दाम गिरगावात आली. कमलाकांतही बरोबर निघाला. राजलक्ष्मी दोघांना घेऊन रस्त्यानं चालली आणि एकेक पाटी वाचत गेली. टेलर, डेअरी, खानावळ, भांड्यांचं दुकान. कमलाकांतचा चेहरा फुलून आला.

"आणि ही?" मायानं एका कोपऱ्यावर थांबून विचारलं.

राजलक्ष्मीनं बोट उचललं. "स्टेशनरी मार्ट."

कमलाकांतनं मायाकडे पाहिलं. तिला वाटलं, रहदारीत ऐकू आलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं.

"काकू," माया म्हणाली, "हे केकचं दुकान आहे. पाटी नवीन आहे. पूर्वी स्टेशनरी असेल इथे."

राजलक्ष्मीच्या कानशिलांवर ऊन आल्यासारखं झालं. तिनं काचेतून आत पाहिलं. आत खरंच केक मांडलेले होते. म्हणजे आतापर्यंत ती वाचत नव्हतीच. साऱ्या गिरगावातली दुकानं तिला पाठ होती; पहिलं अक्षर ओळखलं की उरलेलं आठवण पुरवत होती. बोट फिरत होतं ते नुसतंच.

"होतं असं," कमलाकांत म्हणाला. "चल, घरी जाऊ. उद्या बघू."

ती जागची हलली नाही. "माया, मला अशा ठिकाणी ने जिथलं मला काहीही माहीत नाही."

माया हसली. "मग माझ्याकडेच या. रविवारी."

गिरगाव ते लोअर परळ हे अंतर बसनं फार नाही. पण राजलक्ष्मीचं माहेर, सासर, शाळा, काम सगळं गिरगावात. लोअर परळला उतरून पायी फिरण्याचं तिला कधी कारणच पडलं नव्हतं. पहिल्या रविवारी तिथं उतरली तेव्हा सगळं मुकं होतं. एका बाजूला काचेचे उंच टॉवर, त्यांच्या सावलीत चाळी, आणि चाळींच्या अंगाखांद्यावर पाट्याच पाट्या. व्यायामशाळा, पतपेढी, क्रीडा मंडळ असं सगळं असावं. पण तिला एकही शब्द येईना. आठवणीत काही नव्हतं आणि डोळ्यांत तर नव्हतंच. दोन तास फिरून ती घामाघूम झाली.

"बसा जरा," माया म्हणाली. "आईनं चहा ठेवलाय."

"चहा नंतर. एक शब्द वाचल्याशिवाय मी बसणार नाही."

माया तिला एका चाळीच्या तोंडाशी घेऊन गेली. तिथं भिंतीत जुनी दगडी टाकी होती. तिच्या माथ्यावर दगडात कोरलेली अक्षरं, वर्षानुवर्षांच्या ऑइलपेंटखाली अर्धी बुजलेली. इथं हवेत बोट फिरवायची गरज नव्हती. राजलक्ष्मीनं तर्जनी सरळ खाचेत घातली.

"प," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "काना. पा." पुढचं अक्षर अवघड होतं, पहिल्या खाचेनंतर दगड सपाट लागला आणि मग सुटा दांडा आला. तिनं ते पुन्हा पहिल्यापासून केलं. "ण. हा ण आहे. पाण... प... काना, वर मात्रा... पो..." शेवटच्या अक्षराच्या वळणांतून बोट दोनदा फिरलं. "ई. पाणपोई."

"पाणपोई," माया म्हणाली. "माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. पाणी बंद आहे आता."

राजलक्ष्मीनं दगडावर हात तसाच ठेवला. मग म्हणाली, "चल, आता चहा पिऊ."

त्यानंतर तिनं रविवार चुकवला नाही. उन्हाळा आला, तरी नाही. कमलाकांत म्हणायचा, "सुट्टी घे एखादी." ती छत्री उचलून निघायची. कोरलेल्या अक्षरांवरून ती रंगवलेल्यांकडे गेली. विहाराच्या कमानीवरची निळी अक्षरं रुंद आणि मोकळी होती, ती तिला लवकर साधली. गॅरेजच्या शटरवर कुणी घाईघाईत ब्रश मारला होता, तिथं रंगाचे ओघळ आणि उकार सारखेच दिसायचे. सगळ्यांत वाईट होते फ्लेक्स. अक्षरं दाबून बसवलेली, मागे फुगे, फुलं आणि दहा-पंधरा चेहरे. फ्लेक्सपुढे ती हटकून हरायची, आणि पुढच्या रविवारी पहिल्यांदा फ्लेक्सपुढेच जाऊन उभी राहायची.

कितीदा तरी तिला वाटलं, नाहीच जमणार. एकदा ती बसथांब्यावर मायाला म्हणालीही, "पहिलीतलं पोर माझ्यापेक्षा बरं वाचतं."

"पहिलीतलं पोर पहिल्यांदा शिकतं," माया म्हणाली. "तुम्ही दुसऱ्यांदा शिकताय. जास्त त्रास होणारच ना."

मग तो रविवार आला. चाळीच्या तोंडाशी एक नवा पिवळा फ्लेक्स लागला होता. एका मुलीचा फोटो, काळा कोट, हातात फुलांचा गुच्छ. राजलक्ष्मी समोर उभी राहिली. आधी डावीकडून सुरुवात, मग मान वळवायची, पुन्हा डावीकडे यायचं. माया बाजूला थांबली. तिनं मधे बोलायचं नाही, हे ठरलेलं होतं.

"म... न... वा. मनवा. ही मुलगी मनवा." पुढची ओळ. "सी. ए. झा... ल्या... झाल्याबद्दल." तिचं बोट थांबत थांबत चाललं होतं. "ह. काना. हा. मग द. त्याच्यावर रफार." मान उजवीकडे वळली आणि ती गप्प झाली. पुन्हा बोट उचललं, पुन्हा तेच अक्षर गिरवलं. मग घाईघाईनं पुढचं. "अ... भि... अभिनंदन."

"वा, काकू! हार्दिक अभिनंदन. अख्खा फ्लेक्स वाचलात."

"पण चुकलंय," राजलक्ष्मी म्हणाली.

"नाही चुकलं, बरोबर वाचलंत."

"मी चुकले नाही. ते चुकलंय." तिच्या आवाजाला कित्येक महिन्यांत नव्हती तशी धार आली होती. "द ला दुसरी वेलांटी दिलीय. हार्दिक. पहिली पाहिजे."

मायानं वर पाहिलं. सकाळपासून ती या फ्लेक्सखालून दोन-तीनदा गेली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, आणि खरंच होतं. हार्दीक.

"काकू," ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला कळतंय का काय झालं ते?"

"कळतंय. तुमच्या चाळीत कुणाला शुद्धलेखन येत नाही."

"ते सोडा हो! जो सवयीनं वाचतो त्याला ही चूक दिसतच नाही. मला नाही दिसली. मी हार्दिक असणारच असं धरून पुढे गेले. तुम्ही धरून चालला नाहीत. तुम्ही वाचलंत."

राजलक्ष्मी बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. साडीला धूळ लागेल हे तिच्या लक्षातही आलं नाही. तोंडाला पदर लावून ती हसत होती की रडत होती, मायाला समजेना. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

"कुणी लिहिलंय हे?" पाणी पिऊन झाल्यावर राजलक्ष्मीनं विचारलं.

फ्लेक्स मायाच्या भावानं, राजरत्ननं केला होता. तो टॉवरमधल्याच एका ऑफिसात कामाला होता आणि मंडळाचे सगळे फ्लेक्स फोनवर तोच बनवायचा. हाक मारल्यावर चाळीच्या गॅलरीतून खाली आला.

"फाँटचा लोचा असेल, काकू," त्यानं वर बघत सांगितलं.

"फाँटचा नाही. तुझा आहे."

राजरत्न हसला. "अहो, अख्ख्या मुंबईत असंच लिहितात."

"अख्ख्या मुंबईचं नंतर बघू. आधी हे."

"आता कुठे? परवा उतरणारच आहे तो."

"आणि तोपर्यंत ती मुलगी रोज याच्याखालून जाणार ना? एवढा अभ्यास करून सीए झाली. निदान तिचं अभिनंदन तरी बरोबर लिहा की रे."

 राजरत्न वर जाऊन स्टूल, पिवळा कागद आणि जाड मार्कर घेऊन आला. कागद त्या अक्षराच्या मापाचा कापला आणि तिच्यापुढे धरला. "तुम्हीच लिहा. माझ्याकडून परत लोचा होईल."

तिनं कागद मांडीवर घेतला. हात जराही अडखळला नाही. आधी वेलांटी, मग द, वर रफार. राजरत्ननं स्टुलावर चढून तो तुकडा चिकटवला. कॉम्प्युटरच्या ठोकळेबाज अक्षरांत ते एक हातचं अक्षर चांगलंच वेगळं दिसत होतं. तेवढ्यात स्वतः मनवा भाजीची पिशवी घेऊन आली. काय चाललंय हे मायानं तिला सांगितलं. तिनं वर पाहिलं, राजलक्ष्मीकडे पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू हां काकू. मला वाटतच होतं काहीतरी विचित्र आहे, पण मी फोटोच बघत होते."

सगळे हसले. राजरत्न सगळ्यांत मोठ्यानं.

पुढे काय झालं ते सांगतो. उजवी बाजू परत आली नाही. ती येणार नाही असं डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं. पूर्वी एका बैठकीत संपायचा तेवढा मजकूर आता तिला आठवडाभर पुरतो. तिनं सगळ्या प्रकाशकांना स्वतः फोन करून खरं ते कळवलं. काहींनी विचारपूस केली आणि नंतर पुस्तकं पाठवणं थांबवलं. दादरच्या एका बाईंनी मात्र मोठ्या टायपातलं मुलांचं पुस्तक पाठवलं, "सावकाश करा" म्हणून. ते करायला तिला फार दिवस लागले, आणि त्यात एक चूक तिच्याकडून सुटली. ते कळलं त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुढचं पुस्तक मागून घेतलं.

राजरत्न आता मंडळाचा प्रत्येक मजकूर आधी तिला दाखवतो. फोनवर पाठवलेला चालत नाही. कागदावर, मोठ्या अक्षरात आणावा लागतो.

पावसाळा सरल्यावर माया म्हणाली, "काकू, थेरपी संपली आता. रविवारी आला नाहीत तरी चालेल. आलात तर आईला बरं वाटेल."

"आईला भेटायला येईनच," राजलक्ष्मी म्हणाली. "पण पाट्यांसाठी तुमचं लोअर परळ आता चालणार नाही. पाठ झालंय सगळं. शिवडीला कधी गेलेय असं मला आठवत नाही. तिकडे जाते."

त्या रविवारी ती छत्री घेऊन निघाली तेव्हा कमलाकांत चपला शोधत दारात आला. "मी येऊ का?"

"या की. पण काही वाचून दाखवायचं नाही."

"नाही."

"खुणाही करायच्या नाहीत."

"बरं बाई."

दोघं थांब्यावर उभे राहिले. एक बस आली. कपाळावरच्या पाटीवर दिव्यांची अक्षरं सरकत होती, आणि सरकणारी अक्षरं तिनं अजून कधी केली नव्हती. दुसऱ्या अक्षरापर्यंत ती पोचते तोवर बस निघून गेली. कमलाकांतला ती कुठली बस होती ते दिसलं होतं. तो समोरच्या झाडाकडे बघत राहिला.

"जाऊ दे," राजलक्ष्मी म्हणाली. "पुढची येईल." आणि बस जिकडून येते त्या बाजूला, उजवीकडे, तिनं आधीच मान वळवून ठेवली.